निवृत्तांचे लखनौ : रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या, घरापर्यंत न पोहोचलेल्या सेवा

लखनौ : उत्तर प्रदेशची गणना देशातील तरुण राज्यांत होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 'भारतातील वृद्धजन २०२१' या अहवालातील अंदाजानुसार राज्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण २०२१ मध्ये ८.१ टक्के होते. केरळमध्ये ते १६.५ टक्के, तर देशाची सरासरी १०.१ टक्के होती. टक्केवारीच्या या चित्रात एक गोष्ट सहज झाकली जाते. २०११च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १ कोटी ५४ लाख, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होती. दुसऱ्या क्रमांकावरील महाराष्ट्रात ती १ कोटी ११ लाख होती. प्रमाणाने लहान, पण संख्येने अवाढव्य अशा या वृद्धसमूहाला लागणाऱ्या सेवा कोणत्या, त्यांपैकी कोणत्या आहेत आणि कोणत्या नाहीत, हे तपासण्यासाठी राज्याची राजधानी हे योग्य उदाहरण ठरते.

मराठी वाचकांना लखनौ परिचित आहे ते पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये तेथे उभारलेल्या संगीत महाविद्यालयामुळे, नबाबी इमारतींमुळे आणि चिकनकारीमुळे. शहराचा दैनंदिन कणा मात्र नोकरदारांचा आहे. सचिवालय आणि राज्य शासनाची संचालनालये, उत्तर रेल्वे व पूर्वोत्तर रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये, माणकनगर येथील रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना, लष्कराच्या मध्य विभागाचे मुख्यालय, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या चार प्रयोगशाळा एकाच शहरात आहेत. या नोकऱ्यांतून निवृत्त झालेल्या पिढ्या आलमबाग, तेलीबाग, इंदिरानगर, अलीगंज, महानगर आणि गोमतीनगर या वसाहतींत स्थायिक झाल्या. सैन्यातून निवृत्त झालेले छावणीलगतच्या तेलीबागेत, रेल्वेचे आलमबागेत, सचिवालयाचे इंदिरानगर व गोमतीनगरात, अशी ढोबळ विभागणी आजही ओळखू येते. पूर्वांचलातील जिल्ह्यांत आयुष्यभर नोकरी करून उतारवयात 'पीजीआय जवळ असावे' म्हणून रायबरेली मार्गाच्या परिसरात घर घेणारेही कमी नाहीत. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था या मार्गावर आहे. वृद्धांच्या स्थलांतराचे कारण म्हणून रुग्णालय पुढे यावे, यातच या शहराच्या गरजेचे स्वरूप दिसते.

याच घरांतील मुले शिक्षण आणि नोकरीसाठी नोएडा, बंगळुरू, पुणे, हैदराबाद किंवा परदेशी गेली आहेत. दोन मजली घर, वर रिकाम्या खोल्या, खाली सत्तरी ओलांडलेले दांपत्य किंवा त्यांच्यापैकी मागे राहिलेले एक, हे चित्र इंदिरानगरच्या गल्ल्यांत जसे आहे तसेच ते पुण्याच्या कोथरूडमध्येही आहे.

आपण कोठे नोकरीला होता?

लखनौमध्ये वृद्धाला कोणती सेवा मिळेल, हे त्याच्या प्रकृतीपेक्षा त्याच्या पूर्वीच्या नोकरीवर अधिक अवलंबून असते. रेल्वेतून निवृत्त झालेल्याने एकरकमी वर्गणी भरून निवृत्तांच्या आरोग्य योजनेचे सदस्यत्व घेतले असेल, तर चारबाग किंवा बादशाहनगर येथील रेल्वे रुग्णालय त्याच्यासाठी खुले असते. माजी सैनिकाला २००३ मध्ये सुरू झालेली अंशदायी आरोग्य योजना, तिची पॉलिक्लिनिके आणि गरजेनुसार छावणीतील कमांड रुग्णालय उपलब्ध असते. केंद्रीय कर्मचारी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत, म्हणजे सीजीएचएसमध्ये जातो. या योजनेची आरोग्य केंद्रे लखनौत आहेत. जो निवृत्त केंद्रीय कर्मचारी योजनेच्या क्षेत्राबाहेरील गावी राहतो, त्याला बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्त्याचा पर्याय असतो. राज्य शासनाने २०२२ मध्ये आपल्या कर्मचारी व निवृत्तांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची रोकडविरहित उपचार योजना सुरू केली. तीत संलग्न खासगी रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

उरतो तो खासगी नोकरी, दुकान, कारागिरी किंवा मजुरी करून वृद्ध झालेला नागरिक. चौकातील जरदोजी कारागीर आणि अमीनाबादमधील दुकानाचा हिशेबनीस यांना 'निवृत्त' हा शब्दही फारसा लागू होत नाही. त्यांच्या हाताला काम मिळेनासे होते, एवढेच. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्येष्ठांच्या देखभालीविषयीच्या धोरणपत्रानुसार देशातील ७८ टक्के वृद्धांना कोणत्याही निवृत्तिवेतनाचे संरक्षण नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५च्या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये आहे. दारिद्र्यरेषेच्या निकषात बसणाऱ्यांना मिळणारे राज्याचे वृद्धावस्था निवृत्तिवेतन २०२१च्या अखेरीस ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले. केंद्राचा त्यातील वाटा ६० ते ७९ वर्षे वयासाठी २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये आहे. २०० रुपयांचा हा आकडा २००७ पासूनचा आहे.

आरोग्याच्या बाबतीत ही दरी २९ ऑक्टोबर २०२४ पासून काही अंशी भरून निघाली. त्या दिवशी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार होऊन ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबागणिक वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. त्यासाठीचे 'वय वंदना' कार्ड आधारच्या आधारे निघते. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या योजनेतील लाभार्थ्यांना दोहोंपैकी एक योजना निवडावी लागते. खासगी विमा असणाऱ्यांना तो सोडण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो साठ ते सत्तर या दशकाचा. खासगी नोकरी अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी संपते, कंपनीचा गटविमा बहुधा त्याच दिवशी थांबतो आणि मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांचा खर्च नेमका याच काळात सुरू होतो. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यावरील ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात परवानगीविना वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई केली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. हजार रुपये निवृत्तिवेतन असलेल्याच्या दृष्टीने मात्र या सवलती बिनमोलाच्याच राहतात, कारण मुळात हप्ताच त्याच्या आवाक्यात नसतो.

नोव्हेंबर महिन्यात या विभागणीचे दर्शन रस्त्यावरही घडते. बँका, जवाहर भवन व जिल्हाधिकारी कार्यालयातील कोषागार येथे हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांची गर्दी दरवर्षीची आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' या डिजिटल दाखल्यामुळे, आणि विशेषतः २०२१ पासून मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाल्यामुळे, ही यातायात कमी होऊ शकते. बोटांचे ठसे वयोमानाने पुसट झालेल्यांची मोठी अडचण या सोयीने दूर केली. पोस्टमनला घरी बोलावून ७० रुपयांत दाखला काढून घेण्याचीही व्यवस्था आहे. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. याच वयापासून त्यांचे मूळ निवृत्तिवेतन २० टक्क्यांनी वाढते आणि टप्प्याटप्प्याने शंभराव्या वर्षी दुप्पट होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या अनेक विधवांना ही तरतूद ठाऊक नसते. २०११च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढील स्त्रियांमध्ये साक्षरतेचे प्रमाण सुमारे २८ टक्के, तर पुरुषांमध्ये ५९ टक्के होते, हे लक्षात घेतल्यास कारण शोधावे लागत नाही.

रुग्णालयातून घरी आल्यानंतर

उपचारांच्या बाबतीत लखनौ राज्यातील इतर शहरांच्या पुष्कळ पुढे आहे. १९११ मध्ये सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आज विद्यापीठ आहे आणि तेथे वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. असा विभाग देशात आजही विरळाच आढळतो. गोमतीनगरात राममनोहर लोहिया संस्था, कैसरबागेजवळ जुने बलरामपूर रुग्णालय, शहराच्या दुसऱ्या टोकाला कल्याणसिंह कर्करोग संस्था आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा स्वतंत्र कक्ष आणि बाह्यरुग्ण सेवा अपेक्षिली आहे. अंथरुणाला खिळलेल्यांकडे आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जावे, हेही त्या कार्यक्रमात लिहिलेले आहे.

अडचण सुरू होते ती रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर. आयुष्मान योजनेचे संरक्षण दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस यांपुरते आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या पंच्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीला पुन्हा चालते होण्यास काही महिने लागतात. पक्षाघात झालेल्याला त्याहूनही अधिक. त्या काळात रुग्णाला उठवणे, बसवणे, आंघोळ घालणे, कूस बदलणे, नळीतून अन्न देणे, वेळेवर औषध देणे ही कामे कोणाची? वर उल्लेखलेल्या रेल्वे, लष्कर, केंद्र, राज्य आणि आयुष्मान या पाचही योजना या प्रश्नापाशी थांबतात. त्यांच्या लेखी रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो.

प्रत्यक्षात हे काम दोघांवर पडते. पहिली घरातील स्त्री. बहुधा पत्नी, जी स्वतः सत्तरीची असते, किंवा सून. दुसरा पगारी माणूस. महाराष्ट्रातील शहरांत ज्याला 'ब्यूरो' म्हणतात तशा संस्था लखनौतही आहेत. त्या बारा तासांच्या पाळीने 'अटेंडंट' पाठवतात. त्यांतील परिचारिका शिकलेली असेल तर तिची नोंद परिचर्या परिषदेकडे असते. साध्या अटेंडंटची नोंद अशा कोणत्याही परिषदेकडे नसते. त्याला रुग्ण उचलण्याचे तंत्र, अंथरुणातील जखमा टाळण्याचे उपाय किंवा इन्सुलिनचे मोजमाप कोणी शिकवलेले असेलच असे नाही. कुटुंबाला त्याची पार्श्वभूमी कळण्यास मार्ग नसतो, तर त्याला स्वतःला आठवड्याची सुटी, ठरलेले वेतन वा अपघाताचे संरक्षण नसते. एका असुरक्षित माणसाची देखभाल दुसऱ्या असुरक्षित माणसाकडे सोपवणारी ही व्यवस्था केवळ परस्परविश्वासावर चालते. विश्वास तुटला की पोलीस ठाण्याखेरीज दाद मागण्याचे ठिकाण नाही.

ही पोकळी संसदेच्या लक्षात आली नव्हती असे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. वृद्धांना घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान निकष आणि प्रशिक्षित कर्मचारी या तरतुदी त्यात होत्या. निर्वाह रकमेची मर्यादा काढणे आणि जावई-सून यांनाही जबाबदार धरणे हेही त्यात होते. १७व्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले. केंद्राच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेमार्फत आणि 'अटल वयो अभ्युदय' योजनेखाली वृद्धसेवकांचे प्रशिक्षण होते. मात्र प्रशिक्षण घेतलेल्यालाच काम द्यावे, असे बंधन कोणावर नसल्याने त्या प्रमाणपत्राची बाजारातील किंमत मर्यादित राहते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत ही उणीव सर्वाधिक जाणवते. देशातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास करणाऱ्या 'लासी' पाहणीवर आधारित संशोधनानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. याच पाहणीच्या पहिल्या फेरीत साठीपुढील ७५ टक्के व्यक्तींना एक तरी जुनाट आजार असल्याचे आढळले होते. मधुमेही रुग्णाला औषध लिहून देता येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मुख्यतः माणूस लागतो. दिवसा आणि रात्रीही. अशा रुग्णाला दिवसभर सांभाळणारी केंद्रे असली, तर देखभाल करणाऱ्या पत्नीला किंवा मुलीला काही तास मोकळे मिळतात. महाराष्ट्रात 'विरंगुळा केंद्र' ही कल्पना किमान परिचित आहे, जरी बहुतेक केंद्रे हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांपुरतीच चालतात. लखनौत सकाळी उद्यानांत जमणाऱ्या मंडळींचे कट्टे आहेत. पण त्या कट्ट्यावर येणे ज्याला अशक्य झाले, त्याच्यासाठी मोहल्ल्यात जागा नाही.

येथे संघटनेच्या रीतीतील एक फरक नोंदवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ वस्तीनुसार बांधले गेले आणि 'फेस्कॉम' या महासंघाखाली एकत्र आले. एकाच संघात शिक्षक, गिरणी कामगार आणि बँक अधिकारी बसतात. लखनौमधील प्रभावी संघटना प्रामुख्याने खातेनिहाय आहेत: रेल्वे पेन्शनरांची वेगळी, सचिवालयाची वेगळी, माजी सैनिकांची वेगळी. महागाई भत्ता आणि वेतन आयोग यांबाबत त्या जागरूक असतात व यशस्वीही होतात. घरपोच सेवा, पदपथ किंवा दिवसाची केंद्रे या मागण्या मात्र कोणत्याच खात्याच्या नसल्याने त्या मांडणारा पक्षकारच उभा राहत नाही. महाराष्ट्रातील संघांनीही या बाबतीत फार मजल मारली असे म्हणता येणार नाही, पण प्रश्न मांडण्याची जागा तरी तेथे आहे.

छप्पर, कायदा आणि रस्ता

कायद्याच्या १९व्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम असावा, असे म्हटले आहे. उत्तर प्रदेशात समाजकल्याण विभागामार्फत सर्व ७५ जिल्ह्यांत असे वृद्धाश्रम स्वयंसेवी संस्थांकडून चालवले जातात. लखनौतील आश्रम सरोजिनीनगर भागात आहे. हे आश्रम निराधारांसाठी आहेत. निवृत्तिवेतन आहे, घरही आहे, पण एकट्याने राहणे शक्य नाही, अशा मध्यमवर्गीयाची सोय तेथे होत नाही. त्याच्यासाठी खासगी निवास प्रकल्प हा पर्याय असतो. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्त निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने २०२४ मध्ये उद्वाहन, रुंद दरवाजे, उतार, आधाराच्या दांड्या यांविषयी विकासकांवर बंधनकारक नियम केले. सदनिका घेण्यापूर्वी हे निकष ताडून पाहणे लखनौतील ग्राहकालाही उपयुक्त ठरेल.

२००७च्या कायद्याखालील निर्वाह न्यायाधिकरण उपजिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना आपण 'प्रांत' म्हणतो त्यांच्याकडे असते. अपील जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. उत्तर प्रदेशची नियमावली २०१४ मधील आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो, निर्वाहाचा निर्णय नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवसांत अपेक्षित असतो. रकमेची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि अट मोडली गेली, तर २३व्या कलमाखाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात, असे हस्तांतरण रद्द करताना न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकते, असे स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ मधील दुसरा निर्णय उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या दोहोंशी निगडित आहे. मुंबईत मालमत्ता असलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ उत्तर प्रदेशात राहायला गेल्यानंतर थोरल्या मुलाने त्या मालमत्तेचा ताबा घेतला होता. मुलगाही साठीत पोहोचला, या कारणावरून उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेला निष्कासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला. अर्जाच्या दिवशी मुलाचे वय ५९ होते, हे त्यात निर्णायक ठरले.

तातडीच्या मदतीसाठी केंद्राचा १४५६७ हा ज्येष्ठांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. राज्याच्या '११२' सेवेने 'सवेरा' योजनेखाली एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदणी ठेवली आहे. नाव नोंदवलेल्या घराकडे पोलीस जाऊन येतात. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवणे आवश्यक आहे. 'डिजिटल अटक' नावाची फसवणूक निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी काही तासांत नेते. अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

प्रवासाबाबत चित्र संमिश्र आहे. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. विमानतळ ते मुन्शीपुलिया ही सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका ८ मार्च २०१९ पासून पूर्ण लांबीने धावते, पण जुने शहर तिच्या कक्षेबाहेर राहिले. चारबाग ते वसंतकुंज या ११.१६५ किलोमीटरच्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली. अमीनाबाद, चौक आणि किंग जॉर्ज विद्यापीठ यांना ती जोडणार असल्याने जुन्या लखनौतील वृद्धांना तिचा सर्वाधिक उपयोग व्हावा. स्थानकापर्यंतच्या पदपथांचे काय, हा प्रश्न मेट्रोच्या नव्हे, महापालिकेच्या कक्षेतील आहे.

निवृत्तांच्या सेवांचा विचार करताना पैशाच्या एका बदलाकडे दुर्लक्ष करता येत नाही. आज गोमतीनगरातील घरी येणाऱ्या अटेंडंटचे वेतन बहुधा जुन्या, महागाईशी जोडलेल्या निवृत्तिवेतनातून दिले जाते. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि उत्तर प्रदेशने १ एप्रिल २००५ पासून, सैन्यदले वगळता, नव्या भरतीसाठी ते निवृत्तिवेतन बंद करून अंशदायी योजना आणली. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना हमी असलेल्या एकीकृत योजनेचा पर्याय दिला आहे. उत्तर प्रदेशात २००५ मध्ये पंचविशीत सेवेत आलेला कर्मचारी साठाव्या वर्षी, म्हणजे २०४० मध्ये निवृत्त होईल. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाचवी व्यक्ती साठीपुढील असेल, आणि ऐंशीपुढील व्यक्तींची संख्या २०२२च्या तुलनेत २७९ टक्क्यांनी वाढलेली असेल. २०४० मध्ये निवृत्त होणारा तो कर्मचारी त्या वर्षी सत्तर वर्षांचा असेल.